ॲप बंद केल्यावर काय उरतं? मुलांचा वाद्यसराव आणि तो मोजणारं संशोधन



‘अमुक विषयाच्या अध्ययनासाठी तमुक ॲपची परिणामकारकता’ हा साचा तुमच्या ओळखीचा असेलच. पेट पास झाल्यावर सिनॉप्सिस लिहायला बसलं की दहातल्या निदान दोघांचा विषय याच वळणाचा निघतो. विषय वाईट नाही. पण या साच्यात एक प्रश्न हमखास निसटतो. आज तोच प्रश्न आपण एका छोट्या क्षेत्रात तपासून बघू: वाद्य शिकणारी लहान मुलं घरी एकटी सराव करतात, तेव्हा डिजिटल साधनं त्यांना खरंच मदत करतात का? तुमचा विषय संगीत नसला तरी वाचा. गणिताचं ॲप असो नाहीतर इंग्रजी उच्चारांचं, मुद्दा तिथेही लागू पडतो.

आधी अडचण समजून घेऊ. वाद्य शिकणारं मूल आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा गुरुजींकडे किंवा क्लासला जातं. उरलेले पाच-सहा दिवस ते घरी एकटं असतं. चूक झाली हे सांगायला तिथे कोणी नसतं. आईबाबांना बहुतेक वेळा ते वाद्य येत नसतं, त्यामुळे ‘बसलास का सरावाला?’ यापलीकडे त्यांची मदत जात नाही. ही रिकामी जागा तंत्रज्ञान भरून काढेल, असा या साधनांचा दावा आहे. दावा तपासायचा तर त्या रिकाम्या जागेत नेमकं काय घडतं, ते आधी माहीत हवं.

घरी नेमकं काय चालतं?

इथे एक अभ्यास वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑस्ट्रेलियातले गॅरी मॅकफर्सन आणि जेम्स रेनविक यांनी २००१ साली तो प्रसिद्ध केला. फुंकून वाजवायची वाद्यं नव्याने शिकू लागलेली ७ ते ९ वर्षांची फक्त ७ मुलं त्यांनी घेतली आणि तीन वर्षांच्या काळात त्यांच्या घरच्या सरावाचं व्हिडिओ चित्रण मिळवलं. मुलांना ‘तुम्ही सराव कसा करता?’ असं विचारत बसण्याऐवजी त्यांनी सराव प्रत्यक्ष पाहिला. मुलाखतीत मुलं जे सांगतात आणि खोलीचं दार लावल्यावर जे करतात, त्यात अंतर असतं. हे अंतर आपल्या प्रश्नावल्यांमध्ये कुठेच दिसत नाही.

त्यांना काय दिसलं? वाजवण्यात गेलेल्या वेळापैकी ९० टक्क्यांहून जास्त वेळ मुलं धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती वाजवून काढत होती. अडलेली जागा वेगळी काढणं, तीच सावकाश वाजवणं, आधी गुणगुणून बघणं, असं काहीही जवळजवळ नव्हतंच. चूक झालीच तर एखाद-दुसरा स्वर पुन्हा वाजवायचा आणि पुढे जायचं.

आता तुमच्यातला कोणीतरी म्हणेल, ‘फक्त ७ मुलं? आरआरसीत हे टिकेल का?’ प्रश्न रास्त आहे. सात मुलांवरून जगातल्या सगळ्या मुलांची टक्केवारी काढता येणार नाही, आणि ती काढायची गरजही नाही. लहान नमुना खोलात पाहिला की मोठ्या सर्वेक्षणात काय मोजायचं राहून जातंय ते कळतं. नमुन्याचा आकार प्रश्नाच्या जातीवर ठरवायचा असतो, आकड्याच्या वजनावर नाही. हे एकदा नीट मांडता आलं की समितीतले लोकही ऐकून घेतात.

याच दोघांनी २००२ साली फक्त एका मुलीवर लेख लिहिला. ती क्लॅरिनेट शिकत होती. शिक्षकांनी दिलेल्या धुना ती बाकीच्यांसारखीच सरळ वाजवून टाकायची. मग तिला एक धून मनापासून आवडली आणि ती शिकायची असं तिने स्वतः ठरवलं. त्या धुनेच्या वेळी तिचा सरावच बदलला. शिक्षकांच्या धुनांवर ती लिहिलेल्या दर स्वरामागे सरासरी १ सेकंदापेक्षाही कमी वेळ देत होती. स्वतः निवडलेल्या धुनेवर तो वेळ १० सेकंदांच्या जवळ गेला. ती मध्येच थांबायची, विचार करायची, गुणगुणायची, न फुंकता नुसती बोटं चालवून बघायची. तिची ही शांतता लक्षात ठेवा. थोड्या वेळाने ती लागणार आहे.

दोन प्रकारची साधनं

बाजारात आणि संशोधनात जी साधनं दिसतात, त्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात.

पहिला गट निकाल देणाऱ्या साधनांचा. यूझिशियन, सिम्प्ली पियानो, स्मार्टम्युझिक ही त्यातली ओळखीची नावं. फोनचा किंवा संगणकाचा माइक तुमचं वाजवणं ऐकतो, स्वराची उंची आणि वेळ अपेक्षित स्वराशी ताडून बघतो आणि लगेच बरोबर की चूक ते पडद्यावर दाखवतो. गुण मिळतात, पुढची पातळी उघडते.

दुसरा गट आरशासारख्या साधनांचा. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या रीना उपिटिस आणि काँकॉर्डिया विद्यापीठाचे फिलिप अब्रामी यांच्या गटाने तयार केलेलं आयस्कोर हे त्याचं चांगलं उदाहरण. ही एक डिजिटल वही आहे असं समजा. मूल त्यात या आठवड्याचं उद्दिष्ट लिहितं, स्वतःचं वाजवणं ध्वनिमुद्रित करून ठेवतं, ते ऐकून स्वतःचं मत नोंदवतं, आणि शिक्षक दोन तासिकांच्या मधल्या दिवसांत त्यावर शेरा देऊ शकतात. बरोबर-चूक हे यंत्र सांगत नाही.

यामागचा सिद्धांत बॅरी झिमरमन यांचा आहे. शिक्षणशास्त्राच्या मंडळींना तो पाठ असेल: स्वयंनियमित अध्ययनाचे तीन टप्पे, म्हणजे आधी योजना, मग प्रत्यक्ष कृती, मग स्वतःच्या कृतीचं परीक्षण, आणि त्या परीक्षणातून पुढची योजना. मॅकफर्सन-रेनविकच्या मुलांकडे यातला मधला टप्पा तेवढा होता. पुढचा आणि मागचा जवळपास गायब.

म्हणून माझी कसोटी सरळ आहे. साधनाने हे दोन गायब टप्पे मुलाच्या अंगी आणले पाहिजेत. साधन स्वतःच ते टप्पे पार पाडत असेल, तर मूल एकटं सराव करतंय असं आपल्याला फक्त वाटतं. प्रत्यक्षात कान यंत्राचा आहे आणि बोटं तेवढी मुलाची.

मोजमाप कुठे चुकतं?

मी मूळची विज्ञान शाखेची, त्यामुळे कुठलंही मोजमाप दिसलं की पहिला प्रश्न येतो तो उपकरणाचा. उपकरण ज्यासाठी बनवलंय तेच मोजतं. थर्मामीटर ताप दाखवतो, तापाचं कारण दाखवत नाही. निकाल देणारं ॲप आवाज मोजतं. आता त्या क्लॅरिनेटवाल्या मुलीला या ॲपसमोर बसवून बघा. ती थांबली, विचार केला, नुसती बोटं चालवली. ॲपच्या लेखी तेव्हा काहीच घडलं नाही. तिने अवघड जागा मुद्दाम अर्ध्या लयीत वाजवली. लय आधी कमी करून ठेवली नसेल, तर ॲपच्या लेखी ती चूक. आणि जो मुलगा न थांबता धून पाच वेळा वाजवून काढतो, त्याचे गुण हळूहळू वाढत जातात. म्हणजे ज्या सवयीपासून मुलांना सोडवायचं, तिलाच बक्षीस मिळण्याची सोय झाली.

इथे संशोधनपद्धतीच्या दृष्टीने एक मोठा धोका आहे. ॲपचे गुण वाढले यावरून ‘सराव सुधारला’ असा निष्कर्ष काढला, तर उपचार आणि मोजपट्टी एकच झाली. मूल ॲप खेळायला शिकलं एवढंच त्यातून सिद्ध होतं. वैधता म्हणजे काय हे आपण नेटसाठी पाठ करतो. तिची गरज अशा जागी कळते.

दुसरं मोजमाप मिनिटांचं. ‘सलग २१ दिवस सराव’ असले टप्पे पालकांना फार आवडतात. टेक्सास विद्यापीठातल्या रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांनी पियानोच्या १७ प्रगत विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या कॉन्चेर्तोतला एक छोटासा अवघड तुकडा सरावाला दिला आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. किती वेळ सराव केला, किती वेळा वाजवलं, याचा दुसऱ्या दिवशीच्या क्रमवारीशी संबंध दिसला नाही. सर्वात चांगल्या वादकांकडूनही चुका होत होत्या. पण चूक नेमकी कुठे झाली हे ते ओळखत, त्या तुकड्याची लय बदलून बघत आणि दुरुस्त होईपर्यंत तोच तुकडा धरून ठेवत. हे प्रौढ विद्यार्थी होते, हे विसरू नका. पण मिनिटं मोजून सरावाची प्रत कळत नाही, एवढं यातून दिसतं.

लगेच मिळणारा फीडबॅक: दोन्ही बाजू

ॲपचा सर्वात मोठा गुण म्हणून सांगितला जातो तो तात्काळ फीडबॅक. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला प्रत्याभरण म्हणतात. ‘लगेच आणि प्रत्येक वेळी’ म्हणजे उत्तमच, असं आपण धरून चालतो. पुरावा इतका सरळ नाही.

क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ साली फीडबॅकवरचे कितीतरी अभ्यास एकत्र तपासले. सरासरीने फीडबॅक उपयोगी ठरला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी त्याने कामगिरी उलट खालावली. विनस्टीन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगांत, दर प्रयत्नाला निकाल कळणाऱ्यांपेक्षा निम्म्या प्रयत्नांना निकाल कळणारे प्रौढ नंतरच्या चाचणीत सरस ठरले. ही नंतरची चाचणी फीडबॅक काढून घेतल्यावर झाली होती. स्पष्टीकरण असं दिलं जातं: दर वेळी बाहेरून उत्तर मिळालं की आपण आतून येणाऱ्या खुणांकडे लक्ष द्यायचं सोडतो.

इथे थांबलो तर माझा मुद्दा अगदी चकचकीत दिसेल. पण पुढचा अभ्यासही वाचायला हवा. सलिवन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ८ ते १४ वर्षांच्या मुलांवर तसाच प्रयोग केला आणि मुलांमध्ये चित्र उलटं निघालं. ज्यांचा फीडबॅक कमी केला होता, तीच मुलं नंतरच्या चाचणीत मागे पडली. म्हणजे प्रौढांवरचा निष्कर्ष उचलून मुलांवर चिकटवता येत नाही. मुलांना फीडबॅक जास्त लागतो आणि तो काढून घ्यायचा तर सावकाश, पायरी-पायरीने काढावा लागतो.

त्यामुळे ‘ॲप वाईट, काढून टाका’ असं मी म्हणत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. निकाल देणाऱ्या ॲपचा मदतीचा हात सहसा मागे सरकत नाही. पहिल्या दिवशी ते जितकं सांगतं तितकंच तीनशेव्या दिवशीही सांगतं. एकट्याने सराव शिकवायचा, तर मदत कमी होत जाणं हा त्या साधनाच्या रचनेचाच भाग हवा.

आरसेवाल्यांनाही प्रश्न विचारूया

आयस्कोरसारखं साधन माझ्या कसोटीला जास्त उतरतं, कारण त्यात निर्णय मुलाकडे राहतो. पण आपली आवडती बाजू आहे म्हणून तिला सूट द्यायची नाही. या गटाच्या कामात शिक्षक, विद्यार्थी आणि पालकांच्या मुलाखती व प्रश्नावल्यांचा वाटा मोठा आहे. त्यातून साधन लोकांना कसं वाटतं ते कळतं. घरी खोलीत काय बदललं ते कळायला २००१ सारखं चित्रणच लागतं. दुसरं, अशा अभ्यासांत सहसा आधीच उत्साही असलेले शिक्षक स्वतःहून पुढे येतात. मग बदल साधनामुळे झाला की अशा शिक्षकामुळे, हे वेगळं काढणं अवघड. आणि तिसरं, आठ वर्षांच्या मुलाला उद्दिष्ट टाइप करायला लावलं तर ते ‘छान वाजवणार’ असं लिहून मोकळं होतं. ‘तिसऱ्या ओळीतली उडी सावकाश लयीत तीनदा बिनचूक’ असं उद्दिष्ट मांडायलाही आधी शिकवावं लागतं. वही डिजिटल केल्याने ते आपोआप येत नाही.

आपल्याकडचा तिसरा प्रकार

आपल्या घरांत एक तिसरं साधन कितीतरी वर्षं आहे आणि संशोधन म्हणून त्याकडे फारसं कोणी बघत नाही: तानपुऱ्याचं मशीन, तालमाला, आणि आता फोनवरचा लेहरा. तबला शिकणारं मूल लेहरा लावतं आणि कायदा वाजवतं. लेहरा त्याला काहीच सांगत नाही. तो फक्त आवर्तन धरून ठेवतो. समेवर नीट आलो की घसरलो, हे मुलालाच कानाने कळावं लागतं. म्हणजे हे साधन संदर्भ देतं, निकाल देत नाही. परीक्षण मुलाकडेच राहतं.

अर्थात सुरुवातीच्या मुलाला घसरल्याचं कळतच नाही, ही या साधनाची मर्यादा. शिवाय निकाल देणारी ॲप्स आपल्या वाद्यांवर तशीच आणून बसवणं सोपं नाही. बारा ठरावीक स्वरांशी ताडून बघणाऱ्या ॲपला सतारीवरची मींड मधल्या वाटेवर ‘बेसूर’ वाटेल. तबल्यात ‘ना’ आणि ‘तिं’ यांतला फरक बोट चाटेवर पडलं की लवेवर, यातून येतो. तिथे नादाची जात ओळखावी लागते, नुसती वेळ ताडून भागत नाही. संगीत किंवा ध्वनिविज्ञान घेऊन पीएचडी करू पाहणाऱ्यांसाठी इथे खरोखर काम आहे.

मग अभ्यास कसा आखाल?

नुसती टीका करून थांबलं तर गाईड विचारणारच, ‘मग तू काय करशील?’ म्हणून एक कच्चा आराखडा देते. त्यात खोट काढा, हवं तर उचला.

एकच वाद्य, एकाच पातळीची मुलं, तीन गट. पहिल्या गटाला ॲप लगेच निकाल देईल. दुसऱ्या गटात मूल आधी स्वतः सांगेल की चूक कुठे झाली, आणि मगच ॲपचा निकाल उघडेल. शिवाय दर आठवड्याला ॲपचे निकाल थोडे कमी होत जातील. तिसरा गट फक्त ध्वनिमुद्रण करून स्वतःचं ऐकेल. मुलं गटांत चिठ्ठ्या टाकून वाटायची, म्हणजे उत्साही शिक्षकांची मुलं एकाच गटात जमणार नाहीत.

मुख्य मोजमाप शेवटी, साधनं पूर्ण बंद करून एका आठवड्याने. तेव्हा दोन गोष्टी बघायच्या. एक, मुलाला न शिकवलेली नवी छोटी धून द्यायची आणि ते एकटं ती कशी बसवतं याचं चित्रण करायचं: किती वेळा थांबतं, अडलेली जागा वेगळी काढतं का, लय कमी करतं का. दोन, मुलाला त्याचंच ध्वनिमुद्रण ऐकवून कागदावर चुकांच्या जागी पेन्सिलने खुणा करायला सांगायचं आणि त्या खुणा दोन शिक्षकांच्या खुणांशी ताडायच्या. कुठलं मूल कुठल्या गटातलं हे त्या शिक्षकांना माहीत नको. या दुसऱ्या मोजमापाला कागद, पेन्सिल आणि एक फोन पुरतो. निधी नाही ही सबब इथे चालणार नाही.

मध्येच सोडून गेलेल्या मुलांची संख्या गटवार द्यायला विसरू नका. जी टिकली त्यांचीच सरासरी काढली, तर कंटाळा आणणारं साधनही परिणामकारक दिसू शकतं. आणि घरातल्या चित्रणासाठी पालकांची लेखी संमती तर हवीच, पण मुलालाही विचारा. कॅमेरा चालू असताना मूल वेगळं वागतं, हा परिणाम मर्यादांच्या प्रकरणात प्रामाणिकपणे लिहा.

आता तुमच्या विषयाकडे वळा. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये पश्चात चाचणी ॲप हातात असताना होणार आहे की ॲप बाजूला ठेवल्यावर? आणि चाचणीतला गुण ॲपनेच दिलेला आहे की बाहेरच्या कोणी? ही दोन उत्तरं आजच वहीत लिहून ठेवा. ती डळमळीत वाटली तर शीर्षक बदलायची घाई करू नका, आधी चाचणी बदला. पुढच्या लेखात दोन परीक्षकांच्या खुणा किती जुळतात हे आकड्यात कसं मांडायचं, ते उदाहरण घेऊन बघू.